कल्पित साम्राज्ये आणि खरी खेडी

हल्ली घरोघरची मुले कल्पित साम्राज्यांच्या कथांत रमलेली दिसतात. 2015 आणि 2017 साली ‘बाहुबली’ चित्रपटाचे दोन भाग आले, तेव्हापासून माहिष्मती नगरीचे बुरूज आमच्या नातवंडांना नांदेडच्या किल्ल्याहून अधिक परिचयाचे झाले आहेत. यात वावगे काही आहे, असे आम्हांस वाटत नाही. अद्भुताची आवड हा बालवयाचा धर्मच होय. आणि मराठी कादंबरीचा आरंभही ‘मुक्तामाला’ (1861), ‘मंजुघोषा’ (1868) अशा अद्भुतरम्य ग्रंथांच्याच संगतीत झाला. मात्र अशी कथा वाचताना वा पाहताना एक प्रश्न मनाशी ठेवावा, असे आम्ही मुलांस सांगत असतो. तो असा की, या सम्राटाच्या ताटातील अन्न कोणाच्या शेतातून आले?

या प्रश्नाचा विचार करण्यास दूर जावयास नको. आमच्या मुदखेडच्या बाजूस येणारी गोदावरी वर पैठणावरून वाहत आलेली असते. त्या पैठणास, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान नगरीत, सातवाहनांची राजधानी होती. तेथील गुणाढ्य पंडिताची आख्यायिका काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात सूर्यवती राणीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’च्या आरंभी दिली आहे.

जलक्रीडेच्या वेळी राणी राजास ‘मोदकैः’ म्हणाली. ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका, असा तिचा भाव. राजाने मात्र मोदक मागविले. राणी हसली आणि राजा लाजेने अंथरुणास खिळला. व्याकरण सहा वर्षांत शिकवीन, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्म्याने सहा महिन्यांची पैज घेतली. तसे झाल्यास संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही सोडीन, अशी गुणाढ्याने प्रतिज्ञा केली. शर्ववर्म्याने पैज जिंकली आणि गुणाढ्य मौन धरून विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे तो पैशाची भाषा शिकला आणि सात वर्षे खपून त्याने त्या भाषेत सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. वनात शाई कोठली? त्याने आपल्या रक्ताने लिहिले. शिष्यांनी पोथी राजाकडे नेली. भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची, म्हणून राजाने ती झिडकारली. मग गुणाढ्याने नगराजवळच्या टेकडीवर अग्नी पेटविला. एकेक पान वाचावे आणि ज्वाळेत टाकावे, असा क्रम चालला. वनातील पशू चारा सोडून अश्रू ढाळीत ऐकत राहिले. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी दोष अन्नाला दिला, आचाऱ्यांनी तो पारध्यांवर ढकलला, आणि पारध्यांनी सांगितले की, पशू चरतच नाहीत, म्हणून त्यांचे मांस वाळलेले आहे. तेव्हा राजा टेकडीवर गेला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष तेवढे उरले.

वाचकहो, या कथेतील मर्म पाहावे. टेकडीवर सहा लक्ष श्लोक जळाले, तोवर नगराला त्याची दाद नव्हती. अरण्याचे दुःख राजवाड्यास कळले ते स्वयंपाकघराच्या वाटेने, तेही राजाचे पोट बिघडले तेव्हा! आजही शहरास खेड्याची आठवण बहुधा कांदा महागला म्हणजेच होते.

उरलेल्या एक लक्षात नरवाहनदत्ताची कथा होती. हा वत्सराज उदयनाचा पुत्र पुढे विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. ‘कथासरित्सागरा’त आकाशगमन आहे, रत्नखचित प्रासाद आहेत, समुद्रपार जाणारे व्यापारी आहेत, पण त्या चक्रवर्तीच्या राज्यात नांगर कोण धरतो, हे शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. ते शोधावयाचे तर त्याच सातवाहन कुळातील हाल राजाच्या नावे असलेली ‘गाथासप्तशती’ उघडावी. महाराष्ट्री प्राकृतातील या सातशे गाथांत शृंगार पुष्कळ आहे हे खरे. परंतु हलिक म्हणजे नांगरकरी, गावाचा ग्रामणी, कापसाची व तागाची शेते आणि गोदेचा काठ हेही तेथे आहेत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून भडोचच्या बंदरास गाड्यांनी माल जाई, आणि तगरहून साधे सुती कापड विपुल येई, असे लिहिले आहे. साम्राज्याचे वैभव अशा कापडावर उभे होते. आणि त्या कापडाचा कापूस शेतकऱ्याने पिकविलेला होता.

अद्भुतकथेत खेड्यास स्थान देताच येत नाही, असे मात्र नव्हे. इंग्लंडातील प्राध्यापक टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (1954-55) या कथेचे नायक राजपुत्र नव्हेत, तर ‘शायर’ नामक शेतीवाडीच्या मुलखातील बुटकी, खाण्यापिण्याची हौस असलेली माणसे आहेत. मोठी युद्धे आटोपून ती घरी परततात, तो गावची झाडे तोडलेली आणि घरे पाडलेली आढळतात. गाव पुन्हा सावरणे हे त्यांचे शेवटचे काम ठरते.

परंतु दोष त्या राजाचा म्हणून आमची सुटका नाही. शिक्षक असताना ही कथा आम्ही वर्गात सांगत असू. मोदकांपाशी सारा वर्ग हसे. एकदा शेवटच्या बाकावरील शेतकऱ्याच्या मुलाने उठून विचारले, “गुरुजी, ढोरं वाळून चालली व्हती, तवर राजा काय करत व्हता?” आम्ही म्हणालो, “व्हता नव्हे, होता म्हण. ढोरं नव्हे, पशू म्हण.” मुले हसली आणि तो खाली बसला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले. पुढे त्याने वर्गात काही विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. राजाने भाषेचे निमित्त करून पोथी परत धाडली. आम्ही शुद्धतेचे निमित्त करून प्रश्न परत धाडला. भेद इतकाच की, राजा उशिरा का होईना, टेकडीपर्यंत गेला.

आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांचा गावाशी संबंध आता कुलदैवताच्या दर्शनापुरता उरला आहे. मुलांच्या हातची अद्भुत पुस्तके काढून घ्यावीत, असे आम्ही म्हणत नाही. ती वाचावीत आणि घरातील वडिलांनी त्यांच्यासह वाचावीत. कथेत चक्रवर्तीवर आकाशातून पुष्पवृष्टी झाली, म्हणजे तेथे क्षणभर थांबावे. आमच्या मुदखेडच्या परिसरात फुलांची शेती होते. फुले आकाशातून पडत नाहीत, ती वाकून तोडावी लागतात, हे येथील लहान पोरासही ठाऊक असते. तेवढे आपल्या मुलांसही ठाऊक असावे. आणि तोडणाऱ्याने त्याच्या भाषेत काही विचारलेच, तर आधी उत्तर द्यावे. व्याकरण मागाहून पाहता येईल.