गुदवेदनेच्या मुळाचा मागोवा

मानवी देहाच्या ज्या भागाचा उच्चार सभ्य समाजात वर्ज्य मानला जातो, त्या भागात महिनोन्‌महिने आणि कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे मुक्काम करून राहिलेली वेदना ही दुहेरी शिक्षा असते. एक तर ती सोसावी लागते, आणि वर ती सोसत असल्याचे कोणापाशी उघडपणे बोलता येत नाही. कचेरीतील कारकून निमित्ते काढून उभ्यानेच कागद हातावेगळे करतो, एस.टी.चा चालक एका बाजूवर भार देऊन घाट उतरतो, पंगतीत पाटावर बसण्याचे एखादी गृहिणी का टाळते हे तिच्या घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि कधी विचारणा झालीच, तर ‘मूळव्याधीचा त्रास आहे’ एवढ्या मोघम जबाबावर सारे प्रकरण दाखलदफ्तर होते. बैठकीच्या जागेचे हरेक दुखणे मूळव्याधीच्या सदरात जमा करण्याची ही वहिवाट आपल्याकडे फार जुनी आहे, आणि गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींनी ती अधिकच पक्की केली आहे. वास्तविक शरीररचनेचा दाखला या वहिवाटीच्या विरुद्ध जातो. गुदनलिकेत सुमारे मध्यावर एक दंतुर रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते आणि खालच्या त्वचेला ती अतिशय तीव्र असते. आतील मूळव्याधीचे कोंब या रेषेच्या वर उपजतात, म्हणून ते रक्त पाडतात, बाहेर डोकावतात, परंतु कोंब अडकून राहण्यासारखा अपवाद वगळला तर ते सहसा ठणकत नाहीत. सतत दुखत राहणे हाच, म्हणजे, दुखण्याचे मूळ अन्यत्र असल्याचा पहिला पुरावा होय.

ते अन्यत्र म्हणजे कोठे, याचा तपास आधुनिक वैद्यकाने गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे चालवला आहे. त्या तपासाची पाने उलटत गेले असता एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते: कारण देहात हजर असूनही सापडले नाही, याचे कारण बहुधा हेच की, वैद्यांनी आपले उपकरण जेथे सहज पोचते तेथे पाहिले, वेदना ज्या ठिकाणी, ज्या आसनात आणि ज्या वेळी होते तेथे पाहिले नाही. आणि जेव्हा जेव्हा शोध पुढे सरकला, तेव्हा तेव्हा कोणी तरी रुग्णाची कैफियत अक्षरशः खरी मानून तिच्या मागे गेला होता.

आपल्या प्राचीनांनी या प्रदेशाची उपेक्षा केली नव्हती. सुश्रुतसंहितेत गुदाच्या प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी अशा तीन वली वर्णिलेल्या आहेत. अर्श आणि भगंदर यांची तेथे सविस्तर चर्चा आहे, आणि कातरल्यासारखी वेदना जिचे लक्षण, त्या परिकर्तिकेचाही उल्लेख आहे. पाश्चात्त्य देशांत या व्याधींसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहण्यास १८३५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रेडरिक सॅमन या शल्यविशारदाने लंडनमध्ये स्थापलेली संस्था पुढे सेंट मार्क्स रुग्णालय म्हणून विख्यात झाली. १८४१ साली, भुलीची विद्या अवगत होण्यापूर्वी, चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराने सॅमनच्याच हातून भगंदराची शस्त्रक्रिया करवून घेतली होती.

परंतु भगंदर, गळू, भेग ही सारी डोळ्यांना दिसणारी कारणे होत, आणि दिसणाऱ्या कारणांचा इतिहास तुलनेने सरळ आहे. त्यांतील भेग, जिला आज सर्वत्र फिशर म्हणतात, ती मात्र दिसण्याजोगी असूनही पुष्कळदा निसटते, कारण ती गुदद्वाराच्या अगदी तोंडाशी असते आणि दुर्बीण तिला ओलांडून आत निघून जाते. नितंब हलक्या हाताने विलग करून उजेडात पाहणे एवढाच तिचा शोध. शौचाच्या वेळी कापल्यासारखी कळ आणि त्यानंतर तासन्‌तास राहणारी ठणक हे तिचे लक्षण इतके ठराविक आहे की ते ऐकूनच निदान निम्मे होते. ती भरून का येत नाही, या प्रश्नाचा उलगडा मात्र सावकाश झाला. दक्षिण आफ्रिकेतील आयझेनहॅमर याने १९५१ साली गुदद्वार मिटून धरणाऱ्या आतल्या संवरणी स्नायूच्या आकसण्याकडे बोट दाखवले. पुढे १९९४ च्या सुमारास नेदरलँड्समधील शौटेन आणि त्याचे सहकारी यांनी दाखवून दिले की, या आकसलेल्या स्नायूमुळे भेगेच्या जागी रक्तच पुरेसे पोचत नाही. हृदयरोग्याच्या जिभेखाली ठेवले जाणारे नायट्रोग्लिसरीन मलमाच्या रूपाने येथे उपयोगी पडू लागले, ते या ज्ञानाच्या आधारावर.

खरी कसोटी लागली ती, जेथे पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही अशा वेदनेच्या बाबतीत. या वाटेवरचा पहिला मोठा माणूस म्हणजे एडिंबरोचा जेम्स यंग सिम्प्सन, ज्याने १८४७ साली क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आणली. १८५९ साली त्याने माकडहाडाच्या वेदनेस स्वतंत्र व्याधीचा दर्जा दिला, आणि त्या हाडास चिकटलेल्या स्नायूंचे बंध तोडणे अथवा हाडच काढून टाकणे असे दोन इलाज सुचवले. पुढच्या काळात हाड काढण्याची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली; बरेच रुग्ण होते तसेच राहिले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती शस्त्रक्रिया बदनाम झाली. क्ष-किरणांचे चित्र काढावे तर माकडहाडाचा आकार निरोगी माणसांतही इतक्या तऱ्हांचा आढळे की, त्यावरून काही ठरवणे कठीण. या कोड्याचे उत्तर तब्बल सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पॅरिसच्या झाँ-इव्ह मेन याने शोधले, आणि ते ऐकल्यावर हे आधी कोणास का सुचले नाही, असेच वाटते. रुग्ण सांगत की बसल्यावर दुखते. चित्रे मात्र त्यांना उभे करून अथवा आडवे निजवून काढली जात. मेनने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णास कठीण आसनावर, वेदना होईल त्या रीतीने बसवून चित्र काढले आणि ते उभ्याच्या चित्राशी ताडून पाहिले. तेव्हा उभे असताना निर्दोष दिसणारे हाड बसताच सांध्यातून सरकते किंवा वाजवीहून अधिक वाकते, असे कित्येकांच्या बाबतीत उघड दिसले. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रयोग; त्यात नवे यंत्र नाही, महागडी सामग्री नाही, केवळ रुग्णाच्या शब्दावर ठेवलेला विश्वास आहे.

मधल्या काळात अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा जॉर्ज थील हा वेगळ्याच दिशेने निघाला होता. माकडहाडाच्या वेदनेचे म्हणून आलेले रुग्ण तपासताना त्याच्या ध्यानात आले की, बहुतेकांचे हाड दाबले असता दुखतच नाही. दुखतात ते त्याच्या दोहो बाजूंचे, गुदाशयास खालून तोलून धरणारे स्नायू, आणि तेही गुदद्वारातून बोट आत घालून त्यांवर दाब दिला असताच. १९३६-३७ च्या आपल्या निबंधांत त्याने या गुदोत्थापक आणि लगतच्या स्नायूंच्या कायम आकुंचनाचे वर्णन केले, आणि वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजावा तसे बोट स्नायूच्या तंतूंवरून लांबीच्या दिशेने फिरवण्याचे मर्दन सांगितले, जे आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. पोक काढून, कमरेचा भार मागे माकडहाडावर टाकून बसण्याची सवय हे त्याने पुढे एक प्रमुख कारण मानले. पट्टीच्या शल्यवैद्यांनी सुरीने जे शोधले ते थीलने बोटाच्या पेराने शोधले, आणि तरीही ही स्पर्शपरीक्षा आजतागायत संकोचापायी किंवा घाईपायी टाळली जाते, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

थीलच्याच सुमारास, १९३५ साली, डेन्मार्कच्या थायसेन या वैद्याने एका निराळ्या वेदनेची नोंद केली. ही अकस्मात येते, पुष्कळदा झोपेतून उठवते, काही क्षण वा काही मिनिटे असह्य पिळवटून टाकते आणि मागमूस न ठेवता निघून जाते. तपासणाऱ्यापुढे रुग्ण येतो तेव्हा वेदना नसते, आणि वेदना असते तेव्हा तपासणारा नसतो. थॉम्प्सन आणि हीटन यांनी १९८० साली केलेल्या पाहणीत एरवी निरोगी अशा शंभर माणसांमागे सुमारे १४ जणांना तिचा अनुभव आल्याचे आढळले. डॉक्टरकडे जाणारे त्यांतले थोडेच. येथे वैद्यकाच्या हातून एक अन्यायही घडला. पुरावा हाती लागत नाही असे पाहून साठीच्या दशकात या रुग्णांच्या स्वभावाचीच झडती घेण्यात आली. ते चिंतातुर, अतिनेटके, आजाराचा बाऊ करणारे असल्याचे निबंध लिहिले गेले. वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री कळा सोसणारा माणूस चिंतातुर होणारच. परिणामालाच कारण ठरवून निवाडा देण्याचा हा प्रकार होता. १९९१ साली सेंट मार्क्समधील कॅम आणि सहकाऱ्यांनी एका घराण्यातील रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, ज्यांच्या आतल्या संवरणी स्नायूला पिढीजात विकृतीने जाडी आली होती आणि वेदना त्यातूनच उद्भवत होती. अशी घराणी विरळा खरी, परंतु ज्यास मनाचा खेळ म्हटले गेले त्याच्या मुळाशी स्नायूचा प्रत्यक्ष विकार असू शकतो, हे तेथे सिद्ध झाले.

दोन संवरणी स्नायूंच्या मधल्या फटीत दडलेल्या गळवाची गोष्टही याच जातीची. लंडनच्या ॲलन पार्क्स याने १९६१ साली गुदग्रंथींच्या संसर्गाची वाट उलगडून दाखवली, तेव्हापासून हे गळू माहीत आहे. बाहेर सूज नाही, लाली नाही, आणि आत मात्र बोट लावू न देणारी ठणक. अशा वेळी भूल देऊन तपासणे हाच पूर्वी एक मार्ग होता. १९८९ पासून गुदद्वारातील सोनोग्राफी आणि त्यानंतरच्या दशकात एमआरआय यांनी हे काम पुष्कळ सोपे केले.

मज्जातंतूची पाळी सर्वांत शेवटी आली, ही मोठी विलक्षण गोष्ट होय. कारण गुह्यप्रदेशाला जाणीव पुरवणारा प्यूडेंडल तंतू ज्या अरुंद बोगद्यातून जातो, त्याचे वर्णन बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीरशास्त्रज्ञाने १८३६ सालीच करून ठेवले होते. तो बोगदा दीडशे वर्षे शरीररचनेच्या ग्रंथांत नुसता पडून राहिला. १९८७ साली फ्रान्समध्ये अमारेंको याने सायकलस्वारांच्या तक्रारींचा मागोवा घेताना, खोगिरावरील दाबाने हा तंतू चेपला जातो असे दाखवले. नांत शहरातील रॉबेर आणि लाबा यांनी त्यापुढचा तपास केला आणि त्यातून निदानाच्या पाच कसोट्या निश्चित होऊन २००८ साली प्रसिद्ध झाल्या. वेदना त्या तंतूच्याच प्रदेशात असावी, बसल्याने वाढावी, रात्री झोपेतून उठवणारी नसावी, तपासणीत त्या जागेची संवेदना हरपलेली नसावी, आणि तंतूभोवती बधिरतेचे इंजेक्शन दिल्यास ती निवावी. या पाचांत यंत्राने काढलेले एकही चित्र नाही, आणि पहिल्या तीन कसोट्यांचे उत्तर तर रुग्णाखेरीज कोणी देऊच शकत नाही.

इतकी भिन्न कारणे एकाच जागी येऊन दुखत असताना त्यांची वर्गवारी हवी होती. ती रोम शहरात १९८८ साली भरलेल्या परिषदेपासून सुरू झालेल्या परंपरेने केली. या वर्गवारीच्या २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत अर्ध्या तासाहून कमी टिकणारी वेदना वेगळी, अधिक टिकणारी वेगळी, आणि त्या दुसरीतही स्नायू ओढला असता दुखतो की नाही यावरून आणखी दोन भाग, अशी मांडणी आहे. ही विभागणी केवळ कागदी नव्हे. इटलीतील कियारियोनी आणि सहकाऱ्यांनी १५७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात बायोफीडबॅकने, म्हणजे यंत्राच्या साहाय्याने आपल्या स्नायूंची हालचाल पाहत ते सैल सोडण्यास शिकवल्याने, स्नायू दुखणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांना समाधानकारक आराम पडला. विद्युत्‌उत्तेजनाने ४५ टक्क्यांना आणि मर्दनाने २२ टक्क्यांना. ज्यांचा स्नायू बोटाने ओढला असता दुखत नव्हता, त्यांना मात्र तिन्हींपैकी कशाचाच म्हणण्यासारखा लाभ झाला नाही. थीलचे बोट ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी जे विचारत होते, त्याच प्रश्नाच्या उत्तरावर आजही इलाज फळणार की नाही हे ठरते. आणि थीलचे मर्दन स्वतः तिसऱ्या क्रमांकावर राहिले, तरी त्याने दाखवलेली परीक्षा अव्वल ठरली.

या लेखाच्या वाचकांत अशी वेदना मुकाट्याने सोसणारे कोणी असतील, त्यांस एवढीच विनंती की, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आपली कैफियत नीट जुळवून ठेवावी. वेदना किती वेळ टिकते. शौचानंतर येते की बसल्यावर. उभे राहिल्याने वा निजल्याने निवते काय. झोपेतून उठवते काय. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीशी आणि पुरुषांच्या बाबतीत लघवीच्या तक्रारींशी तिचा मेळ बसतो काय, हे स्वच्छ शब्दांत सांगावे, आणि शरम बाळगू नये. रक्त पडणे, वजन घटणे, शौचाची सवय बदलणे किंवा तापासह ठणका लागणे यांपैकी काहीही असल्यास मलमांवर दिवस न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि बोटाने तपासल्यावाचून, बसल्यावर कसे दुखते हे विचारल्यावाचून, कोणी ‘काही नाही’ असा निकाल दिला, तर तो अखेरचा न मानता दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.