टरफलातलं तेल

काजूगर ताटात येतो तेव्हा त्याचं टरफल कुठे गेलं, हे सहसा कुणी विचारत नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या काजू कारखान्यांत मागच्या अंगाला त्याचे ढीग असतात. बीच्या वजनात जवळपास सत्तर टक्के वाटा या टरफलाचाच. ते आडवं कापून पाहिलं की दोन कडक सालींच्या मधे मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं दिसतात आणि त्यांतून तांबूस-तपकिरी, चिकट तेल पाझरतं.

बी आधी वाफवतात, थंड होऊ देतात आणि मग ती कटिंगला येते. पायाने दाबायच्या यंत्रावर दोन पात्यांमध्ये बी धरायची, पाय दाबायचा, टरफल फुटलं की सुईसारख्या टोकाने गर अलगद सोडवायचा. गर अखंड निघाला पाहिजे, कारण तुकड्याला भाव कमी. मी जवळ जाऊन एक बी उचलायला गेले, तेवढ्यात यंत्रावरच्या काकी म्हणाल्या, "हाताक खोबरेल लावल्याशिवाय बीयेक हात लावू नको हां." त्यांची स्वतःची बोटं टोकांना काळी पडली होती, कातडी सुटत होती.

तेलाचा कातडी जाळण्याचा हा गुण घराण्याचाच. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो तो ज्या जातीच्या रसायनांमुळे, त्यांचीच भावंडं काजूच्या टरफलात असतात. त्यांतलं मुख्य म्हणजे अ‍ॅनाकार्डिक आम्ल. सहा कार्बनचं एक कडं, त्यावर फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट, शेजारी आम्लाचा गट आणि पंधरा कार्बनची लांब साखळी. ही साखळी तेलकट असल्याने रेणू कातडीत सहज शिरतो.

टरफलं घाण्यात पिळून काढलेलं तेल तापवतात. पुरेसं तापलं की ते फेसाळू लागतं. आम्लाचा गट तुटून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मागे उरतो तो मुख्यतः कार्डेनॉल. मला या सगळ्या कामातला हाच टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो. नुसत्या उष्णतेने रेणूचा एक गट गळतो आणि उद्योगाच्या उपयोगाचा कच्चा माल हाती येतो.

कार्डेनॉलची दोन टोकं दोन वेगळी कामं करतात. फिनॉलचं टोक फॉर्मॅल्डिहाइडशी जुळून घट्ट राळ बनवतं. साखळी त्या राळेला लवचीकपणा देते आणि पाणी दूर ठेवते. ही राळ कडक करून तिची भुकटी केली की ती ब्रेक लायनरमध्ये जाते, घर्षणाची उष्णता सोसते आणि ब्रेकचा आवाज कमी करते. कार्डेनॉलपासून केलेले हार्डनर इपॉक्सी रंगात मिसळतात. असा रंग थंडीत आणि ओलसर पृष्ठभागावरही वाळतो, म्हणून जहाजांच्या तळाला त्याची मोठी गरज. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या फिनॉलची जागा काही ठिकाणी हा झाडावरचा फिनॉल घेतो.

पिळून उरलेली पेंडही वाया जात नाही, ती इंधन म्हणून वापरतात. टरफलं मात्र तेलासकट उघड्यावर जाळली तर त्या धुराने डोळे आणि घसा चुरचुरतो.

कटिंगची मजुरी अनेक ठिकाणी किलोवर मिळते. जाड हातमोजे घातले की बोटांना गर नीट कळत नाही, हात मंदावतो आणि दिवसाची कमाई घटते, म्हणून मोजे बाजूला पडतात. तेलाला उद्योगात किंमत मिळते, तर त्यातला वाटा आधी या हातांसाठी पातळ, टिकाऊ मोज्यांवर खर्च व्हावा. मोजे घातल्याने कमी भरलेल्या किलोंची भरपाईही त्यातूनच मिळावी.