पडद्यावरची गोदा आणि पडद्याबाहेरची मांजरा

ब्रह्मगिरीवर उगम पावून १४६५ किलोमीटरांचा पल्ला चालणाऱ्या गोदावरीच्या काठाकाठाने मराठी चित्रपटाचा कॅमेरा नाशिकाहून निघाला, रमतगमत पैठणपर्यंत आला, आणि नाथांच्या समाधीचे दर्शन घेऊन, मराठवाड्याचा बहुतेक मुलूख पुढे शिल्लक असतानाच, तेथून माघारी वळला, असे आपल्याकडील गाजलेल्या नदीपटांची जंत्री मांडली असता म्हणावे लागते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील प्रेक्षकास ही उणीव अधिक जाणवते. कारण त्याच्या दोन मुख्य नद्यांपैकी गोदावरीस चित्रपट ओळखतो तो तीर्थ म्हणून, आणि मांजरेची तर त्यास पुरती ओळखही नाही.

मराठी पडद्यावर नदी अवतरली तीच मुळी पावित्र्याची वस्त्रे लेवून. दामले-फत्तेलाल यांनी ‘प्रभात’साठी १९३६ साली निर्मिलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये इंद्रायणीकडे न्यायनिवाड्याचे काम आहे, गाथेच्या वह्या पोटात घ्यावयाच्या त्या तिने, आणि कोरड्या ठेवून परत करावयाच्या त्याही तिनेच. पुढे काळ पालटला, श्रद्धेच्या जागी संशय आला, तरी नदीचे हे न्यायासन मात्र हलले नाही. निखिल महाजन यांचा ‘गोदावरी’ २०२२ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. त्यात नाशिकच्या जुन्या घरांतून भाडेवसुली करीत हिंडणारा, कुटुंबापासून आणि नदीपासूनही रुसलेला निशिकांत मृत्यूच्या चाहुलीने पुन्हा त्याच काठावर येऊन उभा राहतो. जितेंद्र जोशी यांस या भूमिकेबद्दल गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात २०२१ चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला आणि महाजनांस दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो यथायोग्यच होय. तथापि त्यातील गोदा ही अंतःकरणातील गोदा आहे. तिच्यावर पोट असलेली माणसे तेथे पार्श्वभूमीसच राहतात.

या दृष्टीने पैठणचा ‘दशक्रिया’ मला अधिक मोलाचा वाटतो. बाबा भांड यांच्या कादंबरीवरून संजय कृष्णाजी पाटील यांनी पटकथा रचली, संदीप पाटील यांनी दिग्दर्शन केले, आणि २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, आधारित पटकथा व मनोज जोशी यांचा साहाय्यक अभिनय असे तीन मान एकट्या या चित्रपटाने मिळविले. त्यातील भान्या हा पोर घाटावर मोक्षासाठी येत नाही, रोजीसाठी येतो. ज्या पाण्यात एक कुटुंब आपल्या माणसाची रक्षा सोडते, त्याच पाण्यात दुसऱ्या कुटुंबातील मूल नाणी धुंडाळते, आणि एकाचे दुःख ही दुसऱ्याची कमाई कशी होते हे चित्रपट उपदेशाचा सूर न लावता दाखवितो. प्रदर्शनाच्या वेळी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, काही संघटनांनी त्यावर बंदी मागितली व उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती मागणी फेटाळली. घाटावरील क्रियाकर्मापेक्षा घाटाचे अर्थशास्त्रच लोकांस अधिक झोंबले, असा याचा अर्थ मी लावतो.

पैठणखाली मराठी कॅमेरा नाही; परंतु ही नदी सरहद्द ओलांडून खालच्या अंगास गेली की तेलुगू चित्रपट तिला जणू नौकेतूनच सामोरा येतो. आदुर्ती सुब्बाराव यांच्या १९६४ च्या ‘मूग मनसुलु’चा नायक गोदावरीवरील नावाडी आहे, हाच चित्रपट १९६७ साली ‘मिलन’ या नावाने हिंदीत आला व मराठी प्रेक्षकांनीही तो डोक्यावर घेतला, मात्र त्यातील नाव मूळची आपल्याच नदीवरची, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. बापूंचा ‘अंदाल रामुडु’ (१९७३) आणि शेखर कम्मुला यांचा ‘गोदावरी’ (२००६) हे दोन्ही भद्राचलमच्या वाटेवरील जलप्रवासाचे चित्रपट होत. वरच्या अंगास मरण आणि खालच्या अंगास प्रणय, अशी ही एकाच नदीची वाटणी झाली. तिला भौगोलिक कारणही आहे. तिकडे पात्र खोल व रुंद, बारमाही पाण्याचे. आपल्याकडे जायकवाडीपासून धर्माबादपर्यंत नदी धरणांच्या आणि बंधाऱ्यांच्या दावणीस बांधलेली, आणि पावसाळा सरल्यावर तिचे वाहणे न वाहणे हे पाटबंधारे खात्याच्या हुकमावर अवलंबून. जेथे नदी वाहते तेथे नाव आणि गाणे येते. जेथे ती अडविली जाते तेथे दफ्तर येते, आणि दफ्तराचे चित्रण करावयास दिग्दर्शक सहसा धजत नाही.

वस्तुतः नांदेडास दृश्यांचा तोटा नाही. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली येथेच देह ठेवला, आणि सचखंड श्री हजूर साहिब येथे आजही नित्य पहाटे गोदावरीचे पाणी घागरीतून वाहून नेले जाते. दिवाळीच्या तोंडावर तर ‘तख्त स्नाना’साठी सारी संगत घागरी घेऊन नगिना घाटावर लोटते आणि त्या जलाने तख्त व गुरूंची शस्त्रे धुतली जातात. पंजाबी, हिंदी आणि दखनी वळणाची मराठी ही एकाच घाटावर एकाच वेळी ऐकावयास मिळावी, असे ठिकाण गोदेच्या काठी दुसरे क्वचितच असेल. थोडे वर विष्णुपुरीस शंकरसागर जलाशय आहे, काठी काळेश्वराचे देऊळ आहे, आणि नजीकच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. या जलाशयाचे पाणी नांदेड शहर पिते आणि उपसा योजनेने ते शिवारासही चढविले जाते. त्यावर जाळे टाकणाऱ्या भोयांच्या संसारावर एक सबंध चित्रपट उभा राहू शकेल.

आणि वाळू! गोदावरीच्या काठचे आजचे सर्वांत नाट्यपूर्ण जीवन कोणाचे, असे कोणी विचारले तर मी वाळू उपसणाऱ्या मजुराकडे बोट दाखवीन. वाळूघाटांचा हर्रास होतो तो जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून. परंतु हर्रासाबाहेरचा उपसा रात्री-अपरात्री तराफ्यांवरून चालतो, आणि महसूल खात्याचे पथक येऊन पंचनामा करते व ते तराफे जाळून टाकते, ही बातमी येथील वाचकास आता पाठ झाली आहे. बुडी मारून तळची वाळू वर काढणारा मजूर, ती विकत घेऊन घर बांधणारा शिक्षक, तराफ्यास काडी लावणारा तलाठी यांपैकी कोणीही खलपुरुष नाही, आणि बहुधा म्हणूनच या कथेस निर्माता मिळत नसावा.

लातूरची गोष्ट निराळी. बालाघाटात, पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा ७२४ किलोमीटर वाहते, परंतु बारमाही नदीचा तोरा तिच्यात नाही. निजामाच्या अमदानीत १९२३ ते १९३१ या काळात तिच्यावर निजामसागर बांधला गेला, तो थेट खाली निजामाबादच्या मुलखात. वरच्या मराठी रयतेस धनेगावचे धरण दिसावयास स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. हे धनेगाव २०१६ च्या उन्हाळ्यात आटले. लातुरात टाक्यांभोवती व विहिरींभोवती जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून ‘जलदूत’ ही आगगाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोचली. पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर गेली. कृष्णाकाठचे पाणी लोहमार्गाने मांजराकाठी यावे, हे दृश्य वृत्तवाहिन्यांनी इतक्या वेळा दाखविले की चित्रपटास त्यात काही उरले आहे असे कोणास वाटलेच नाही. वस्तुतः गाडीपेक्षा गाडीनंतरची कथा मोठी होती: त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने मांजरा भरून वाहिली, आणि ज्या काठावर एप्रिलात घागरींच्या रांगा होत्या तेथे पुराची धास्ती आली.

मांजरेस सर्वांत जवळचा चित्रपट मला आढळतो तो बंगालीत. ऋत्विक घटक यांनी १९७३ साली बांगलादेशात चित्रित केलेला ‘तिताश एकटी नदीर नाम’ हा अद्वैत मल्लबर्मन यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे, आणि लेखक स्वतः त्याच मालो कोळ्यांच्या समाजात जन्मलेला. नदी आटते, तिच्यात गाळाची जमीन उघडी पडते, त्या जमिनीवरून तंटे होतात, जाळे विणणारी माणसे परागंदा होतात. आणि अखेरीस चित्रपटातील बासंती वाळू उकरून पाणी काढू पाहते. ते वाळू उकरणे आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही. पात्रात झिरे खोदून, वाटीवाटीने निथळणारे पाणी हंड्यात भरणे हे मराठवाड्यात कित्येक पिढ्यांचे उन्हाळकाम आहे. ज्याँ रन्वार यांनी हुगळीकाठी घेतलेला ‘द रिव्हर’ (१९५१) नयनरम्य खरा, परंतु तो नदीकडे बंगल्याच्या व्हरांड्यातून पाहतो. घटक वाळूत उतरतात.

आता गंमत अशी की, नांदेड जिल्ह्याच्या वाट्यास आलेला जो एकमेव नावाजलेला जलपट, त्यात नदीच नाही. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला व त्यांचीच प्रमुख भूमिका असलेला ‘पाणी’ हा लोहा तालुक्यातील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या जीवनावर बेतलेला आहे. पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा २०१८ चा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला, आणि चित्रपटगृहात तो उतरला १८ ऑक्टोबर २०२४ रोजी. पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखावरील चित्रपटासही इतकी प्रतीक्षा करावी लागावी, यात एक औचित्य आहे. पाणी नसलेल्या गावात मुलगी कशी द्यावी, या वधूपित्याच्या प्रश्नातून कथा सुरू होते, आणि नायक पाणलोटाच्या कामास लागतो. डोंगरमाथ्यावर चर खणावे, उतारावर बांध घालावे, ओढ्यास जागोजाग थोपवावे, म्हणजे धावते पाणी चालू लागते व चालते पाणी जमिनीत मुरते, हे त्यामागचे शास्त्र होय. आणि नदी जगते ती या मुरलेल्या पाण्यावरच. म्हणून नदीचे एकही दर्शन न घडविणाऱ्या या चित्रपटास मी नदीपटच मानतो. दोष काढावयाचा तर एवढाच की, श्रमदान हे स्वभावतः शेकडो हातांचे, कंटाळवाणे, भांडणतंट्यांनी भरलेले काम असून पडद्यावर ते एका नायकाच्या प्रेमाची परीक्षा होऊन बसते. रुचा वैद्य यांची नायिका आणि सुबोध भावे, किशोर कदम, रजित कपूर यांच्यासारखे नट असूनही गावाचा चेहरा त्यामुळे किंचित पुसट राहतो.

मांजरा अखेरीस गोदावरीस मिळते ती कंदकुर्ती येथे, सरहद्दीवर. त्याच्या थोडे वर, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे, आणि एखाद्या होतकरू दिग्दर्शकाने माझा सल्ला मागितलाच तर मी त्यास तेथे पाठवीन. पाणीसाठा अवघा २.७४ अब्ज घनफूट. पण त्याच्यापायी दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा पाहावयास निघाले असता धर्माबादेस अटकेत पडले. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधाऱ्याचे पंचांगच ठरवून दिले: १ जुलै ते २८ ऑक्टोबर चौदाही दरवाजे उघडे, पुढे बंद, आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावयाचे. दर जुलैस दोन्ही राज्यांचे अधिकारी व केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी यांच्या समक्ष दरवाजे उचलले जातात, आणि नेमक्या पावसाच्या दिवसांत, पाणी अडविण्याच्या ऋतूत, ते खाली श्रीरामसागराकडे निघून जाते. चित्रपट दोन भाषांत करावा लागेल. धर्माबादच्या बाजारात त्या दोन्ही बोलल्या जातात, तेव्हा नटांची अडचण पडू नये. अडचण पडेल ती एवढीच की, कथेतील फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, याविषयी निजामाबादचा प्रेक्षक नांदेडच्या प्रेक्षकाशी मध्यंतरापर्यंतही एकमत होणार नाही.