नुसता जोर पुरत नाही

एम७२ या क्षयरोगाच्या नव्या लशीची अंतिम टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी लस’ म्हणून तिचा गवगवा झाला. करोनापासून आपल्याकडे काढ्यापासून च्यवनप्राशापर्यंत सगळेच प्रतिकारशक्ती वाढवतात. मग लशीने तेच केले तर वावगे काय? क्षयाच्या बाबतीत वावगे आहे, आणि हा धडा जुना आहे. १८९० मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयावर औषध सापडल्याचे जाहीर केले. क्षयजंतूंचा अर्क असलेले ते ट्युबरक्युलिन टोचून घ्यायला देशोदेशीचे रुग्ण बर्लिनला धावले. इंग्लंडहून एक तरुण डॉक्टरही गेला. या औषधावरच्या व्याख्यानाला त्याला जागाच मिळाली नाही. मग दुसऱ्याची टिपणे वाचून आणि वॉर्डातले रुग्ण पाहून त्याने लिहिले, की हे औषध जंतूला मारत नाही, त्याच्याभोवतीचा रोगट भाग तेवढा नष्ट करते. हा डॉक्टर म्हणजे शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल! निदान अचूक होते. ट्युबरक्युलिन टोचले की काही तासांत हुडहुडी भरे, ताप चढे. शरीराच्या प्रतिसादात जोर कमी नव्हता, तरी रुग्ण दगावत होते.

असे का व्हावे? क्षयजंतूला शरीर बहुधा मारत नाही, पेशींच्या गाठीत कोंडून ठेवते. कैद्याला मारण्याच्या भरात तुरुंगाची भिंतच पाडली तर कैदी मोकळा सुटणार. फुप्फुसातली पोकळी अशीच आपल्याच पेशींच्या माऱ्याने तयार होते आणि जंतूला खोकल्यातून बाहेर पडायला वाट मिळते. टी-पेशींना आवरणारा पीडी-१ हा ब्रेक नसलेले उंदीर तर क्षयाने लवकर मरतात.

यावर आक्षेप येईल, की एम७२ मध्ये प्रतिसादाचा जोर वाढवणारे मिश्रण मुद्दाम घातले आहे (त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात!), आणि आधीच्या चाचणीत, जंतुसंसर्ग झालेल्या पण आजारी नसलेल्या प्रौढांत, तीन वर्षांत फुप्फुसाचा क्षय सुमारे निम्म्याने घटला. हे खरेच मोठे यश आहे. पण एमव्हीए८५ए या लशीनेही बाळांच्या रक्तातल्या टी-पेशी वाढवल्या होत्या. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या २,७९७ बाळांवरील चाचणीचा निकाल आला तेव्हा बीसीजी या क्षयावरच्या लशीच्या संरक्षणात ठोस भर पडल्याचे दिसले नाही. म्हणजे जोर लागतोच, पण कुठे आणि कोणत्या पेशींचा, यावर सारे ठरते. २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांनी माकडांना शंभर वर्षे जुनी बीसीजीच दिली, फक्त कातडीऐवजी शिरेतून. फुप्फुसात टी-पेशींचा मोठा साठा जमला आणि दहापैकी नऊ माकडे जवळजवळ पूर्ण बचावली. माणसांना अशी शिरेतून लस देणे जोखमीचे आहे, हे मान्य. पण लस तीच, मार्ग तेवढा वेगळा, हे विसरता येत नाही. म्हणून पुढची ‘प्रतिकारशक्ती वाढली’ अशी बातमी आली, की रक्ततपासणीच्या आलेखावर भाळण्याआधी विचारावे: लस घेतलेल्यांत आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण किती घटले?