पांच नद्यांच्या माथ्यावरील गांव

सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारें ४,५०० फूट उंचीवर, क्षेत्र महाबळेश्वर हें लहानसें गांव वसलेलें आहे. थंड हवेसाठीं लोक ज्या बाजारपेठेंत उतरतात ती येथून दोन कोसांवर. सातारच्या प्रतापसिंह महाराजांनीं १८२९ सालीं खंडाळें गांवाच्या मोबदल्यांत ही टेकडी इंग्रजांस दिली आणि गव्हर्नर माल्कम यांच्या नांवानें ती पेठ उभी राहिली. मूळ गांव मात्र त्याहून पुष्कळ जुनें. १६५६ सालीं शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली तोंपर्यंत हा मुलूख मोऱ्यांच्या अमलाखालीं होता.

येथील काळ्या पाषाणाच्या पंचगंगा मंदिरांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचे उगम मानितात. सावित्री तेवढी पश्चिमेस समुद्राकडे जाते. कृष्णेचें पाणी धोम येथें, वेण्णेचें कण्हेर येथें व कोयनेचें हेळवाकजवळ अडविलें आहे. वाई, कऱ्हाड, सांगलीकडील आमच्या वाचकांच्या उंसाचा या माथ्याशीं संबंध आहे तो असा.

आश्चर्य हें कीं, वर्षास ५,५०० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडूनही चैत्रांत या माथ्यावर पाण्याची ओढ लागते. कारण जमिनींत आहे. खालीं सच्छिद्र जांभा व वर तांबड्या मातीचा पातळ थर. उतारावर ती माती धरून ठेवतात तीं जांभूळ, अंजनी, हिरडा यांचीं मुळें व त्यांचा पालापाचोळा. जांभ्यांतील लोखंड वितळविण्याचा धावडांचा धंदा एके काळीं येथें चाले. त्याच्या कोळशासाठीं रान किती तुटलें असेल याची कल्पनाच केलेली बरी.

जुनीं पिकें म्हणजे नाचणी व वरी. एकोणिसाव्या शतकांत तुरुंगांतील चिनी कैद्यांनीं बटाटे व परदेशी भाजीपाला पिकवून दाखविला. आज या भागाची ओळख स्ट्रॉबेरीची असून तिला २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परदेशांतून मातृरोपें आणून रोपवाटिकेंत त्यांचीं रोपें वाढवितात. पाऊस ओसरतां गादीवाफ्यांवर प्लास्टिकचें आच्छादन घालून लावणी करितात व ठिबकानें पाणी देतात. फळ मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत चालतें. दहा-वीस गुंठ्यांच्या धन्यासही हें पीक रोख पैसा देतें. नाचणीनें तो कधीं दिला नव्हता. म्हणून त्यास नांवें ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

परंतु फळ भरतें त्याच महिन्यांत झरे आटूं लागतात. शिवाय वाफ्यांसाठीं वा इमारतींसाठीं उतार खोदला कीं आषाढाच्या धारांस मोकळी वाट मिळते. २०२१ च्या जुलैंत येथें एका दिवसांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. घाटांत दरडी कोसळल्या व शेतें खरवडून गेलीं. २००१ पासून हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, पण कागदावरील निर्बंध माती अडवीत नाहींत. वाफे समपातळींत आखणें, बांधाच्या कडेस गवत राखणें, माथ्यावरील रानांतून पाला गोळा न करणें हीं कामें कास्तकारासच करावीं लागतील. आणि तीं करण्यास गांवाला खर्च पडला तर खालच्या खोऱ्यानें त्यांत वांटा कां उचलूं नये, हें धरणाच्या पाण्यावर ऊंस पिकविणाऱ्यांनीं सांगावें.