महाराज आले, पाऊस आला

चंडीगडमध्ये मे-जूनच्या काहिलीत एखाद्या संतपुरुषाचा सत्संग ठरतो. संध्याकाळी धुळीची आंधी उठते, चार थेंब पडतात, पारा झरझर उतरतो आणि मंडपात एकच बोलणे सुरू होते: ‘बाबाजींची कृपा!’ श्रद्धेचा मान राखूनच या समजुती तपासायला हव्यात, कारण त्यातली एक जिवावर बेतू शकते.

गैरसमज: गुरूंच्या आगमनाने हवा पालटते.

वस्तुस्थिती: चंडीगड शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात इथे हिवाळ्यात पाऊस पाडतात आणि उन्हाळ्यात आंधीला बळ देतात. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरतात. त्यामुळे ती हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते, जमिनीलगत पसरते. मंडपात जाणवलेला गारवा तो हाच. मोसमी पाऊस येतो जूनच्या अखेरीस. गुरुपौर्णिमा आषाढातली, म्हणजे बहुधा जुलैतली, आणि जुलैत चंडीगडला साधारण तीन दिवसांत एकदा पाऊस होतोच. महाराजांचा मुक्काम तीन दिवसांचा असेल, तर एखादी सर येण्याचीच शक्यता जास्त. कोरडे गेलेले सत्संग मात्र कुणी आठवणीत ठेवत नाही.

गैरसमज: सूर्याभोवती खळे पडले, म्हणजे दैवी साक्ष मिळाली.

वस्तुस्थिती: फार उंचावरच्या विरळ ढगांतल्या बर्फकणांतून प्रकाश वळतो आणि खळे दिसते. ते सत्संगाला न गेलेल्यांनाही दिसते.

गैरसमज: पाऊस म्हणजे आशीर्वाद, कोरडे आकाश म्हणजे अवकृपा.

वस्तुस्थिती: २०२३ ची वारी आठवा. १० जूनला देहूहून तुकोबांची आणि ११ जूनला आळंदीहून माउलींची पालखी निघाली. त्याच सुमारास अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होते आणि मोसमी वारे कोकणातच अडले. ते मुंबईत पोचले २५ जूनला. आषाढी एकादशी २९ जूनला होती. वारकऱ्यांनी बरीच वाट उन्हात तुडवली. म्हणून विठ्ठल त्यांच्यावर रुसला होता, असे कोण म्हणेल? त्याच वर्षी ३ जुलैला गुरुपौर्णिमा झाली आणि ९ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत चंडीगडमध्ये ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले, वस्त्यांत पाणी शिरले. त्या पावसाला कृपा म्हणता येत नाही आणि कोपही म्हणता येत नाही.

गैरसमज: गुरूंच्या छत्राखाली ऊन बाधत नाही.

वस्तुस्थिती: १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा सोहळा झाला. लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, भर उन्हात बसले होते. चौदा जणांचा मृत्यू झाला. त्यांची श्रद्धा कुठेही कमी पडली नव्हती. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम नीट सुकत नाही, शरीर तापत जाते आणि उष्माघात होतो. हे सर्वांच्याच शरीरात सारखे घडते.

म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती: तारीख आणि वेळ ठरवताना हवामान खात्याचा अंदाज पाहा, सावली आणि पाण्याची सोय आधी करा, नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर कार्यक्रम पुढे ढकला. आणि भाविकांनो, वीज कडाडू लागली की मंडप सोडून पक्क्या इमारतीत जा. दर्शन नंतरही घेता येईल.