चंद्रावरचे डोंगर आणि न्यूट्रॉनांची मोजणी

चंद्रावर हवा नाहीं. त्यामुळें अवकाशांतून येणारे विश्वकिरण वाटेंत न अडतां थेट जमिनीवर आदळतात आणि तेथील अणूंच्या गाभ्यांतून न्यूट्रॉन उडवितात. त्यांपैकीं कांहीं पुन्हां वर निसटतात. गोटी भिंतीवर आपटली तर बहुतेक त्याच वेगानें परतते. पण तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर बसली तर आपला वेग तिला देऊन टाकते. हायड्रोजनचा गाभा न्यूट्रॉनाइतकाच जड असतो. म्हणून जेथें हायड्रोजन, आणि त्याच्या रूपानें कदाचित् पाणी, असेल, तेथून मध्यम वेगाचे न्यूट्रॉन कमी येतात.

१९९८ सालीं ‘लूनर प्रॉस्पेक्टर’ या अमेरिकन यानाला चंद्राच्या दोन्ही ध्रुवांपाशीं अशी तूट आढळली. तेथील कित्येक विवरांच्या तळाशीं सूर्यप्रकाश कधींच पोंचत नाहीं. तेव्हां बर्फाची आशा बळावली. परंतु तूट थोड्याच टक्क्यांची होती. एवढा फरक नुसत्या उंचसखलपणानें पडणार नाहीं कशावरून?

ही शंका रास्त होती. चंद्रावरील सर्वांत उंच व सर्वांत खोल ठिकाणांत सुमारें २० किलोमीटरांचें अंतर आहे. यान मात्र आपल्या कक्षेनें जातें. खालीं डोंगर आला म्हणून तें वर चढत नाहीं. ३० किलोमीटरांवरून चंद्र यानाभोंवतालच्या आकाशाचा शेंकडा ४१ भाग व्यापतो, तर १०० किलोमीटरांवरून शेंकडा ३४. जमीन दूर गेली कीं मोजणी आपोआप घटते. शिवाय खोल विवराच्या तळावरून आकाश थोडें दिसतें, म्हणून विश्वकिरणही तेथें कमी पोंचतात. तळांतून तिरपे निघालेले न्यूट्रॉन भिंतींवर अडतात. उलट त्या भिंतींतूनही न्यूट्रॉन बाहेर पडतात.

दुसरी अडचण मापकाच्या दृष्टीची. साध्या मापकाला दिशा कळत नाहीं. ३० किलोमीटरांवरून तो सुमारें ४५ किलोमीटर रुंदीच्या प्रदेशाची सरासरी सांगतो. लहान विवरांतील खरी तूट भोंवतालच्या कोरड्या जमिनींत विरून जाते. याप्रमाणें भूरचना पाण्याचा आभासही निर्माण करते आणि असलेलें पाणी लपवितेही.

२००९ सालीं निघालेल्या ‘लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर’ यानानें लेझर किरणांनीं उंचसखलपणाचा बारीक नकाशा तयार केला. तोच प्रदेश अगदीं कोरडा असता तर किती न्यूट्रॉन वर आले असते, याचा हिशेब अशा नकाशावरून मांडतां येतो. त्या हिशेबानंतरही उरेल तेवढीच तूट हायड्रोजनच्या नांवें धरावयाची. त्या यानावरील न्यूट्रॉनमापकाला दृष्टि अरुंद करणारें आवरण होतें. तें कितपत यशस्वी झालें यावर शास्त्रज्ञांत पुढें वाद झडला.

प्रत्यक्ष पुरावा ९ ऑक्टोबर २००९ रोजीं मिळाला. दक्षिण ध्रुवाजवळच्या काबेउस विवरांत रॉकेटचा रिकामा भाग आदळविण्यांत आला आणि उडालेल्या धुरळ्यांत पाणी सांपडलें. तेथील मातींत वजनानें शेंकडा साडेपांचच्या आसपास पाणी असल्याचा अंदाज निघाला. मात्र तो जवळजवळ निम्म्यानें कमीजास्त असूं शकतो.

ध्रुवापाशीं वस्ती करूं पाहणाऱ्यांना पाणी पृथ्वीवरून न्यावें कीं तेथेंच काढावें, हें ठरवावें लागेल. त्या निर्णयांत डोंगराच्या सावलीला पाणी समजण्याची चूक महागांत पडेल.